पाच तासांचा श्वास

त्या बाईला आमच्याकडे आणलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. पोळा होऊन आठवडा झाला होता, पावसाने दडी मारली होती आणि जळगावात कपडे अंगाला चिकटतील असा उकाडा होता. इमर्जन्सीच्या दारात केळी वाहायची एक पिकअप येऊन उभी राहिली. मागच्या फळीवर केळीची हिरवी पानं अंथरलेली, त्यावर गोधडी आणि गोधडीवर ती, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. मी आणि माझा कामावरचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन धावलो.

माझं काम काय ते आधी सांगते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. आमच्याकडे मला असिस्टंट म्हणतात. पेशंटला स्ट्रेचरवर घ्यायचं, गरज पडली तर कात्रीने कपडे कापायचे, छातीला ईसीजीच्या वायरी लावायच्या, ब्लडप्रेशर मोजायचं, डॉक्टर टाके घालत असताना पेशंटचा हात घट्ट धरून ठेवायचा, रक्त पुसायचं, नातेवाईकांना बाहेर न्यायचं आणि परत आत आणायचं. माझं माहेर साक्रीकडचं. धुळ्याला एका वर्षाचा कोर्स केला, लग्न होऊन जळगावला आले, आणि पिंप्राळ्याच्या घरातून रोज स्कूटीवर कामाला जायला लागले, त्याला त्या वेळी नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत माणूस पुष्कळ बघतो. मला वाटायचं, आता नवीन काही बघायचं उरलेलं नाही.

बाई तिशीची असेल. जामनेरकडच्या एका खेड्यातली, स्वतःच्या केळीच्या बागेत सकाळी पिलं कापत होती. केळीच्या बुंध्याशी जे जादा कोंब येतात त्यांना पिलं म्हणतात. ती वाकून विळा चालवत असताना पालापाचोळ्यातून नाग आला आणि घोट्याच्या वर चावला. फणा काढलेला तिने स्वतः बघितला होता. नवऱ्याने सांगितलं, "ती ओरडली नाही हो ताई. चालत चालत बांधापर्यंत आली आणि म्हणाली, मले नाग चावला, गाडी काढा." गावाजवळच्या दवाखान्यात सलाईन लावून लगेच पुढे पाठवलं होतं. वाटेत तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

आम्ही तिला आत घेतलं तेव्हा तिची मान खांद्यावर पडत होती. डोळ्यांच्या फटी तेवढ्या उघड्या होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय होतंय?" तर ती नाकातून बोलली, "दोन दोन दिसू राहिले." त्यानंतर काहीतरी आणखी बोलली, पण ते शब्द कुणाला कळले नाहीत. तोंडातली लाळ तिला गिळता येईना. मी तिच्या डोक्यामागे उभी राहून ती पुसत होते. मॅडमनी सापाच्या विषावरचं औषध सुरू करायला सांगितलं. सिस्टरने शीर शोधली. आणि तेवढ्या वेळात, म्हणजे पाच-सात मिनिटांत, आमच्या डोळ्यांदेखत त्या बाईतलं सगळं बळ उतरत गेलं. आधी पापण्या मिटल्या. मग जबडा सैल झाला. मग छातीचं वरखाली होणं लहान लहान होत गेलं आणि थांबलं.

मॅडम तरुण होत्या, पण गडबडल्या नाहीत. त्यांनी तिच्या घशातून श्वासनळीत नळी घातली. त्या नळीला रबरी फुगा जोडायचा आणि तो हाताने दाबायचा, म्हणजे हवा छातीत जाते. आम्ही त्याला नुसतं बॅग म्हणतो. ती बॅग मॅडमनी माझ्या हातात दिली. श्वासाचं मशीन हवं होतं, पण त्या दिवशी आयसीयूतली सगळी मशीनं दुसऱ्या पेशंटना लावलेली होती. एक संध्याकाळपर्यंत मोकळं होईल असं वरून कळलं.

तिला कोपऱ्यातल्या बेडवर सरकवत होतो तेव्हा मी एक वाक्य बोलले. माझा जोडीदार पायाकडे होता, मी डोक्याकडे. हातातली बॅग दाबता दाबता मी त्याला हळूच म्हणाले, "हिचं काही खरं नाही." असं आम्ही बोलतो. रोज कुणाविषयी तरी बोलतो. त्यात वाईट हेतू नसतो. तिचा चेहरा बघून दुसरं काही म्हणताच आलं नसतं. ओठ निळसर, डोळे मिटलेले, हात उचलला तर दगडासारखा खाली पडत होता.

मॅडमनी ते ऐकलं असावं किंवा नसावं. पण त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक लक्षात ठेवा. नागाचं विष हिच्या स्नायूंवर चढलंय, मेंदूवर नाही. हिला सगळं ऐकू येतंय. आपण सुई टोचतो तेही कळतंय. फक्त सांगता येत नाहीये."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हातातली लय चुकली तशा त्या म्हणाल्या, "दाबा. पाच मोजायचे आणि दाबायचं. आणि तिच्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. ती एकटी आहे आत."

मॅडम दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी उभी राहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. मी दाबलं की तिची छाती वर यायची. सोडलं की खाली जायची. छातीचं ते वर येणं मी आयुष्यभर बघितलेलं, माझ्या मुलीचं पाळण्यात बघितलेलं. ते माझ्या मुठीतून निघतंय हे मला पहिल्यांदा कळलं. मी शिंकले असते तर तिचा एक श्वास चुकला असता.

नऊ वर्षांत मी बॅग पुष्कळदा दाबली होती. पण ती दोन-चार मिनिटं, मशीन येईपर्यंत. आणि समोरचा माणूस ऐकतोय असं कधी माझ्या मनात आलं नव्हतं. आता मी तिच्या कानाशी वाकले आणि काय बोलावं ते सुचेना. शेवटी तोंडातून माहेरची बोली निघाली. जळगावात इतकी वर्षं राहून मी कामावर साधी मराठीच बोलते, पण घाबरले की अहिराणी येते. मी म्हणाले, "डरू नको, बहीण. मी आठेच शे. तुले बठ्ठं ऐकू येस, माले ठाऊक शे. श्वासनी फिकीर करू नको, तो मनाकडे शे." म्हणजे मी इथेच आहे, तुला सगळं ऐकू येतं ते मला ठाऊक आहे, श्वास माझ्याकडे आहे.

तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी माझा जोडीदार बॅग घ्यायचा, मी हात झटकायचे, मग पुन्हा मी. बोलायचं मात्र माझ्याकडेच होतं, त्याला ते जमेना. मी तिला सांगितलं की बाहेर ऊन आहे. आता तुझ्या हाताला सिस्टर दुसरी सुई लावणार आहेत. नवरा फॉर्म भरतोय. पण अशा गोष्टी किती पुरणार? मग मी माझं साक्रीकडचं माहेर, माझं घर सांगायला लागले. सकाळी स्कूटी सुरू होत नाही, किक मारून मारून पाय दुखतो. मुलीचं दहावीचं वर्ष आहे आणि तिला बीजगणित कळत नाही, मला तर त्याहून कळत नाही. शेजारीण गच्चीवर आमच्या दोरीवर कपडे वाळत घालते. आणि बोलता बोलता वांग्याच्या भरितावर आले. मी भरीत कसं करते ते सगळं सांगितलं, वांग्याला तेल लावून गॅसवर कसं भाजते, वरून शेंगदाण्याचा कूट कसा घालते. शेजारच्या बेडवरचा हात मोडलेला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, या बाईचं डोकं फिरलंय.

दोनच्या सुमारास तिच्या सासऱ्यांना मी आत येऊ दिलं. गावाकडून ते मागून बसने आले होते. पांढरा सदरा, धोतर, टोपी, सत्तरीचे. सगळे त्यांना आबा म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले. नवरा आत यायला तयार नव्हता. तो दाराबाहेर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता आणि विचारलं की नुसती मान हलवत होता.

आबा बेडपासून दोन हात लांब उभे राहिले. सुनेचा पदर डोक्यावर नव्हता, केस मोकळे होते, तोंडात पट्टीने बांधलेली नळी. त्यांनी एकदा बघितलं आणि नजर खाली केली. मग माझ्या हाताकडे बघायला लागले. मी दाबत होते, सोडत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "खरं सांग व माय. मढ्यात हवा भरू राहिले का तुम्ही?"

ती ऐकत होती. मी पटकन म्हणाले, "आबा, असं बोलू नका. ती जिवंत आहे. तिला ऐकू येतंय."

"मले नको सांगू. मी गुरं मेलेली पाह्यली, माणसं मेलेली पाह्यली. आमच्यात म्हणू राहिले, घरी न्या, भगताकडे न्या. निदान घरी तरी जाऊ दे तिले."

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, आबांचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी वाद घातला नाही. बेडच्या पायथ्याशी जाऊन त्यांनी चादर बाजूला केली. चावलेला डावा पाय सुजून गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या पायाकडे बोट दाखवून त्या आबांना म्हणाल्या, "तुम्ही इथे या. या अंगठ्याकडे बघा." आणि मग मोठ्याने, बेडवरच्या बाईला म्हणाल्या, "तुमचे सासरे आलेत. त्यांना वाटतंय तुम्ही गेलात. माझं ऐकू येत असेल तर उजव्या पायाचा अंगठा हलवा. सावकाश. आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. मी तीनदा बॅग दाबली असेल. काही झालं नाही. चौथ्यांदा दाबली. माझं स्वतःचंही मन खचायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. मी दीड तास एका बाईशी भरिताच्या गप्पा मारत होते आणि मला तरी तिचं ऐकणं कुठे दिसलं होतं?

आणि मग अंगठा हलला. फार नाही. तांदळाच्या दाण्याएवढा असेल. चिखल वाळून तडा गेलेला शेतकरणीचा पाय, शेजारच्या बोटात चांदीचं जोडवं, आणि तो अंगठा एकदा वर झाला, थांबला, पुन्हा एकदा झाला. जणू पहिल्यांदा कुणी बघितलं नसेल तर म्हणून.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मी नऊ वर्षांत या जागी बायका बाळंत होताना पाहिल्या होत्या, थांबलेलं हृदय धक्का देऊन पुन्हा सुरू झालेलं पाहिलं होतं. पण त्या अंगठ्यासारखं काही पाहिलं नव्हतं. एवढ्या मोठ्या शरीराची सगळी दारं बंद झालेली, आणि आतल्या माणसाने शोधून शोधून एक फट काढली होती आणि तिथून ती म्हणत होती, मी आहे.

मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही बोला तिच्याशी, आबा. घरच्या माणसाचा आवाज ऐकला की बरं वाटेल तिला."

हे त्यांना सोपं नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या घरांत सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. चहा हवा असेल तर नातवाला सांगतात, आईला सांग. आबा बेडच्या कडेला आले, परत मागे सरले. मग माझ्या शेजारी, तिच्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं असेल की मी ऐकणार नाही. पण मला कुठे जाता येणार? बॅग माझ्या हातात होती.

ते म्हणाले, "पोरी, चार दिसांपूर्वी तू सांगितलं होतं. विहिरीवरच्या मोटारीच्या बाजूले नाग दिसला म्हणून. मी म्हटलं, धामण असीन, बायकांले सगळेच नाग दिसतात. हसलो मी तुले. माणसं लावून पाला साफ करायले पाह्यजे होता." त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "माझं चुकलं. तू ये घरी. माझं चुकलं, माय." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने सुनेपुढे दोन्ही हात जोडले. तिचे डोळे मिटलेले होते. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब निघाला आणि कानाकडे गेला. डोळे मिटवून ठेवलेल्या पेशंटचे डोळे असेही पाझरतात, ते मला माहीत आहे. तो थेंब कशाचा होता ते मी त्या दिवशी सांगू शकले नसते. मी तो कापसाने पुसला.

आबा बाहेर गेले आणि मुलाशेजारी जाऊन बसले. त्यानंतर घरी न्यायचं कुणी बोललं नाही.

तीन वाजले. चार वाजले. औषध चालू होतं, मधूनमधून मॅडम येऊन दुसरं एक इंजेक्शन देत, तिची पापणी उचलून बघत. माझ्या मनगटात कळा येत होत्या. जोडीदाराने मला दोनदा बिस्किटं आणून दिली, ती मी एका हाताने खाल्ली. माझी ड्यूटी चार वाजता संपली होती. सिस्टर म्हणाली, "तू जा, दुसरी आली आहे." मी म्हणाले, "माझा आवाज तिच्या ओळखीचा झालाय. थांबते." हे मी फार मोठेपणाने म्हटलं नाही. मला खरंच भीती वाटत होती की मी गेले तर आत तिला वाटेल, आपल्याला सोडून दिलं.

साडेपाचच्या सुमारास मी तिला सांगत होते की बाहेर उन्हं उतरली आहेत, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मी बोलायची थांबले. आठी गेली. मी पुन्हा बोलले, तर भुवया वर गेल्या, पापण्या ताणल्या गेल्या आणि उजव्या डोळ्याची एक बारीक फट उघडली. थोड्या वेळाने मला हातात काहीतरी निराळं जाणवलं. मी बॅग दाबायच्या आधीच ती जराशी आत ओढली गेली. पुन्हा तसंच झालं. तिकडून कुणीतरी ओढत होतं. तिचा श्वास होता तो. लहान, अडखळत, पण तिचा स्वतःचा.

मी ओरडले, "मॅडम, ती घेऊ राहिली!" कुठली बोली निघाली मला कळलं नाही.

वरचं मशीन तेवढ्यात मोकळं झालं. तिला आयसीयूत नेलं, कारण तो श्वास अजून पुरेसा नव्हता. लिफ्टचं दार बंद झालं आणि माझे हात रिकामे झाले. मी हात धुवायला बेसिनपाशी गेले तर उजव्या हाताची बोटं मिटेनात आणि पूर्ण उघडेनात. घरी जाताना स्कूटीचा ब्रेक धरायला त्रास झाला. त्या संध्याकाळी स्वयंपाक मुलीने केला. मी नुसती खुर्चीत बसून माझ्या छातीचं वरखाली होणं बघत होते. कुणीही न दाबता ते चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची नळी काढली. तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. मी रिपोर्ट पोचवायला त्या वॉर्डात गेले होते, तिला बघायला म्हणून नाही, बघायचं धाडस होत नव्हतं. शेवटच्या खाटेवरच्या एका म्हातारीला मी विचारलं, "अक्का, जेवण झालं का?" एवढंच. तर शेजारच्या खाटेवरून घोगरा आवाज आला.

"हीच ती. साक्रीकडली बाई."

मी वळले. ती उशीला टेकून बसली होती. डोळे उघडे. मोठे, तपकिरी डोळे, जे मी कधी बघितलेच नव्हते. आणि तिने माझं तोंड कधी बघितलं नव्हतं. तिने मला आवाजावरून ओळखलं होतं. मॅडम तेव्हा तिच्याच खाटेपाशी उभ्या होत्या. आबा आणि नवराही होते. नवऱ्याने मला बघून हात जोडले. आबा खिडकीपाशी उभे होते, तिथूनच त्यांनी मान डोलवली.

मॅडमनी तिला विचारलं, "आम्ही बोलत होतो ते काही आठवतं का?"

तिने एकदा आबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "या बाईचा आवाज तेवढा आठवते. बाकी काही नाही. झोपेत असल्यासारखं होतं."

आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे जरा खाली आले, असं मला वाटलं. थोड्या वेळाने ते नवऱ्याला घेऊन चहाला गेले. मॅडमही गेल्या. तिने मला जवळ बोलावलं, खाटेवर बस म्हणाली. घसा दुखत होता म्हणून ती कुजबुजत बोलत होती.

"सगळं आठवते," ती म्हणाली. "एकूण एक."

"मग मघाशी..."

"मोठ्या माणसाने माझ्यासमोर हात जोडले. ते मी ऐकलं हे त्यांले कळलं, तर घरात माझ्याकडे वर मान करून पाहतील का ते? मले ऐकू आलं नाही असंच राहू दे."

मरणाच्या दारात पडलेली असताना तिला मढं म्हटलं गेलं होतं, आणि परत आल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे.

मग ती म्हणाली, "आत अंधार नव्हता व बाई. लाल लाल दिसे, पापणीतून उजेड येतो तसा. श्वास माझा नाही हे कळे. छाती आपोआप वर जाये. एकदा दोन दाबांच्या मधी लय वेळ गेला, तवा वाटलं, गेली मी. मग तू कानाजवळ आली आणि बोलायले लागली. तू बोलत असली की श्वास टायमावर येई. म्हणून मी तुझा आवाज धरून बसली होती."

"मी काय काय बडबडले," मी म्हणाले. मला लाज वाटत होती.

तेव्हा ती हसली. हसताना तिला खोकला आला. "त्या भरिताचा मले इतका राग आला! वांगं का गॅसवर भाजत्यात? तेल लावून? कपाशीच्या काड्यांच्या आरावर भाजायचं, लाकडी भांड्यात ठेचायचं, आणि कूट कोण घालते त्यात? मी आत ओरडू राहिली होती, कूट नको घालू, कूट नको घालू. पण तोंड उघडेना."

आम्ही दोघी हसलो. शेजारची अक्काही काही न कळता हसली. मग ती थांबली, माझा हात तिने धरला होता तो तसाच राहिला, आणि ती म्हणाली, "अगदी पहिल्यांदा, मले खाटेवर ठेवू राहिले होते तवा तू म्हटलं होतं, हिचं काही खरं नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जे झालं ते सांगत होती, केळीला पाणी दिलं असं सांगावं तसं. मी खाली बघितलं. तिच्या हातावर सुयांचे निळे डाग होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"तेही मी ऐकलं नाही," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी ती घरी गेली. पायाची जखम भरायला पुढे महिनाभर लागला, ड्रेसिंगला ती दोनदा आली, दोन्हीदा आबांबरोबर. दुसऱ्यांदा आली तेव्हा आबांनी मला सांगितलं की बाग सगळी साफ केली, मोटारीभोवती वीतभर गवत राहू दिलं नाही. ती मागे उभी राहून ऐकत होती, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर काहीच नाही. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही, आणि आमच्याकडे माणूस परत येत नाही हीच त्यातली चांगली बातमी असते.

मी अजून तिथेच काम करते. जोडीदार बदलले, मॅडम पुढे शिकायला गेल्या. ती बेडवरची पाच तासांची गोष्ट मी घरी सांगितली, पण आबांची गोष्ट आज पहिल्यांदाच सांगते आहे, आणि कुणाला ओळखू येणार नाही अशा बेताने सांगते आहे.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या माणसाला आणलं, डोक्यात रक्तस्राव झालेला. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती. कुणी हाक मारली तरी काही नाही, चिमटा काढला तरी काही नाही. त्यांच्या कानाशी वाकून मी म्हणाले, "नाना, तुम्ही जळगावात दवाखान्यात आहात. दुपारचे तीन वाजलेत. तुमचा मुलगा गाडी लावायला गेलाय, आत्ता येईल. मी आता तुमचा सदरा कापते, कात्री थंड लागेल." त्यांना ऐकू आलं की नाही ते मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. मुलगा येईपर्यंत मी बोलत राहिले. तो आल्यावर माझी जागा त्याला दिली.